जी जन्मली नाही तिची संमती

"तुम्हाला मुलं किती?" डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी विचारलं.

मगदूम सरांनी जनगणनेच्या माणसाला, रेशन ऑफिसातल्या कारकुनाला आणि सुनेच्या माहेरच्यांना आजवर जे उत्तर दिलं होतं, तेच दिलं. "दोन. ही प्रणाली, मोठी. धाकटा हर्षवर्धन, तो रॉटरडॅमला असतो."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "रिपोर्टमध्ये तीन येतायत."

शशिकांत मगदूम म्हणजे गडहिंग्लजजवळच्या एका हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. वय एकोणसत्तर. हा गृहस्थ बोलायला उभा राहिला की खाली बसवायला शिपायाकरवी चिठ्ठी पाठवावी लागे, अशी त्यांची ख्याती. पण त्या दिवशी कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात डॉक्टरांच्या टेबलासमोर त्यांना एक शब्द सुचेना. शेजारी त्यांची मुलगी प्रणाली बसली होती. पाटबंधारे खात्यात इंजिनियर असलेल्या ह्या बाईला आकडे चुकलेले खपत नसत.

"मशीन चुकलं असेल," प्रणाली म्हणाली.

"मशीन चुकत नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून आम्ही दोनदा केलं. तिसरी मुलगी आहे. तुमची सख्खी बहीण, प्रणालीताई."

आता इथं थोडं थांबून त्या रिपोर्टाची हकीकत सांगायला हवी. पोटातलं बाळ आणि आई यांच्यामध्ये वार असते. ती भिंत आहे, अशी पूर्वी समजूत होती. ती भिंत नाही, जाळी आहे. दुसऱ्या महिन्यापासून बाळाच्या काही पेशी त्या जाळीतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिथून तिच्या हाडांच्या मगजात, यकृतात, हृदयात जाऊन राहतात. बाळ पुढे जन्माला येवो, मोठं होऊन परदेशी जावो किंवा चौथ्या महिन्यातच संपो, त्या पेशी काही निघून जात नाहीत. आईच्या शरीरात त्या चाळीस-पन्नास वर्षं जगतात. विसाव्या शतकाच्या शेवटीच शास्त्रज्ञांना याचा सुगावा लागला होता, पण लाखात एखादी पेशी, ती निवडायची कशी? ते काम पेशीगणकानं सोपं केलं. हे यंत्र रक्तातल्या आणि मगजातल्या एकेका पेशीचा जनुकसंच वाचतं आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं कोण कोण हजर आहे ते सांगतं. लोकांनी या पेशींना नावही छान दिलं होतं, पाहुण्या पेशी.

२०४४ सालापर्यंत या पाहुण्यांचा उपयोगही सापडला होता. मगदूम सरांची बायको रंजना चौसष्ट वर्षांची होती, आणि तिच्या हृदयाचे स्नायू सैल पडत चालले होते. दोष आनुवंशिक होता. तिच्या स्वतःच्या पेशी दुरुस्त करून वाढवायला वर्ष लागलं असतं, आणि डॉक्टर तीन आठवड्यांच्या पुढे काही बोलायला तयार नव्हत्या. परक्याच्या पेशी शरीरानं झिडकारल्या असत्या. पाहुण्या पेशींचं तसं नसतं. तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहिल्यावर त्यांना कोण परकं म्हणणार? त्या आठवडाभर वाढवायच्या, हृदयाचे स्नायू होतील असं त्यांना वळण लावायचं आणि सैल पडलेल्या जागी नेऊन सोडायच्या. दहापैकी आठ बाया या उपचारानं चालत घरी जात होत्या.

"पण अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "प्रणालीताईंच्या पेशींत आईंचाच दोष आहे. हर्षवर्धन यांच्याही. तुम्ही दोघा भावंडांनी तपासून घ्या, घाबरण्यासारखं आज काही नाही. पण त्या पेशी आपल्या कामाच्या नाहीत. तिसरीच्या पेशी मात्र स्वच्छ आहेत. तिच्यात तो दोष आलाच नव्हता."

तिघांत ती एकटीच निरोगी निघाली होती.

डॉक्टरांनी मग पाटीएवढ्या पडद्यावरचा एक अर्ज पुढे सरकवला. तो देहांश कायद्याचा होता. काही कंपन्यांनी न विचारता आयांच्या शरीरातून त्यांच्या मुलांच्या पेशी काढून विकल्या होत्या. त्यावर बराच गदारोळ होऊन हा कायदा झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पेशी कुणाच्याही शरीरात असो, ज्याचा जनुकसंच त्याची ती पेशी. वापरायची तर त्याची संमती हवी, आणि तो हयात नसेल तर आईवडील दोघांची. अर्जात एक रकाना होता, 'व्यक्ती हयात नसण्याचं कारण'. जन्मानंतर मृत्यू झाला असेल किंवा गर्भ आपोआप पडला असेल, तर दोन सह्या पुरत होत्या. गर्भ पाडला असेल तर का ते लिहायचं होतं. आईच्या जिवाला धोका, गर्भात व्यंग, आईची स्वतःची इच्छा, हे सगळं चालत होतं. यांतलं काहीच नसेल तर समितीपुढे सुनावणी, आणि तिथं जे बोललं जाईल ते कायमचं नोंदवलं जाणार.

सरांनी 'गर्भ आपोआप पडला' यावर खूण केली. पेनाला जराही अडखळू दिलं नाही.

खाली कँटीनमध्ये प्रणालीनं दोन चहा आणले आणि समोर बसली. "पप्पा, हे कधी झालं?"

"तू पाच वर्षांची होतीस. चौथा महिना चालू होता. आई न्हाणीघरात घसरली."

घसरण्याचं काही कारण नव्हतं. 'पडला' एवढं म्हणून भागलं असतं. पण शिक्षक माणूस, उदाहरण दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी न्हाणीघराची फरशीसुद्धा ओली करून टाकली.

प्रणालीचे डोळे भरून आले. "आई कधी बोलली नाही. एका शब्दानं नाही." मग तिनं टेबलावरून हात पुढे करून सरांचा हात धरला. "तुम्हालाही किती लागलं असेल."

सरांनी हात काढून घेतला नाही. तो माझा अगदी नीचपणा होता, असं पुढे ते स्वतःच म्हणाले. मुलीनं धीर द्यायला धरलेला हात त्यांनी चहा संपेपर्यंत तसाच धरू दिला.

खरी गोष्ट अशी होती. २००८ साली रंजनाला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी होती आणि सरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. एक मुलगी त्यांना आवडत होती. दुसरीही मुलगीच झाली तर पुढे काय, हा हिशेब त्यांनी एकट्यानंच मांडला. सासूनं टोचून बोलल्याचं, सासऱ्यांनी वंशाच्या दिव्याचा हट्ट धरल्याचं निमित्तही त्यांच्याजवळ नव्हतं. आईवडील केव्हाच वारले होते. त्यांनी स्वतः चौकशी केली आणि सीमेपलीकडच्या एका गावातला दवाखाना शोधला. गल्लीत सांगितलं, सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला जाऊन येतो. प्रणालीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. तिथल्या डॉक्टरनं तोंडानं काही सांगितलं नाही, फक्त कागदावर लाल पेनानं एक रेघ ओढली. लाल म्हणजे मुलगी. दुसऱ्या दिवशी सगळं उरकलं. परत येताना देवदर्शनाला गेलेलं माणूस रिकाम्या हातानं येत नाही हे सरांच्या लक्षात आलं. सौंदत्ती कुठच्या कुठं राहिली होती. त्यांनी त्या गावच्या बाजारातूनच भंडारा, खोबरं आणि हिरव्या बांगड्या घेतल्या. गाडीत मागच्या सीटवर रंजना पोटाशी उशी धरून पडली होती. गावी पोचल्यावर सरांनी घरोघर भंडारा वाटला. बायकांनी तो कपाळाला लावला आणि रंजनाला विचारलं, दर्शन नीट झालं का.

पुढल्याच वर्षी त्यांच्या शाळेनं 'लेक वाचवा' प्रभातफेरी काढली. मगदूम सर फेरीच्या पुढे होते. तालुक्याचं पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याची ढाल त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या वर लागली. ती अजून तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वॉर्डात गेले. रंजना उशांना टेकून बसली होती, नाकात प्राणवायूची नळी. तिनं चष्मा मागितला, अर्जाचा पडदा हातात घेतला आणि शाळेतल्या मुलासारखं बोट फिरवत सगळा वाचला.

"आपोआप पडला म्हणून लिहिलंय ह्यात."

सरांनी नर्सकडे पाहिलं. "जरा हळू."

"हळूच बोलतेय. जोरात बोलायला दम कुठं हाय मला."

"रीतसर असतं ते, रंजना. सगळे असंच लिहितात. सही कर, उद्या सुरुवात करतील."

"मी कधी पडले?"

"आता त्या तपशिलात जायचं काही कारण आहे का? जिवाचा प्रश्न आहे."

"व्हय. माझ्या जिवाचा. म्हणून मला बोलू द्या." ती थांबली, श्वास गोळा केला. "कुणाला सांगितलं न्हाई, इतकी वर्षं गप बसलो, ते एक. आता तिच्याकडनं घ्यायचं, आणि घेताना पण ती आपली आपण गेली म्हणायचं? मला न्हाई जमायचं. खरं लिहा, मी सही करते. नाहीतर राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"राहू दे म्हणजे राहू दे."

सर स्टुलावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बायको हट्टी वाटली, आणि लगेच कळलं की हट्ट नाही, हिनं ठरवलंय. त्यांनी समजावलं, विनवलं. खरं लिहिलं तर सुनावणी होईल. सगळं नोंदीवर येईल. मुलांना कळेल, गावाला कळेल. शाळेत अजून त्यांचा फोटो आहे. लोक काय म्हणतील, हेही ते बोलून गेले.

रंजना हसली. हसताना तिला खोकला आला आणि नर्स धावत आली. नर्स गेल्यावर ती म्हणाली, "एकट्या तुम्हालाच म्हणतील असं नका धरू. मला कुणी बांधून न्हेलं न्हवतं. मी पण गाडीत बसले होते की. माझं पण नाव लिहा."

त्यानंतरचे सहा दिवस सरांनी जे केलं त्याला कारण काही द्यायचं तर भीती म्हणावं लागेल. दोन्ही बाजूंनी ती होती. बायको जाईल ही भीती खरी होती. तिच्याशिवाय आपल्याला चहाची पावडर कुठल्या डब्यात असते तेही ठाऊक नाही, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं. आणि तोंड दाखवायला जागा उरणार नाही ही भीतीही तितकीच खरी होती. सर रोज सकाळी ठरवायचे की आज खरं लिहू, आणि दुपारपर्यंत त्यांना आणखी एक दिवस थांबायला काहीतरी निमित्त मिळायचं. हर्षवर्धनचा रोज फोन यायचा. "पप्पा, आईला समजवा ना. एक सही तर आहे. ती का अडून बसलीय?" सर म्हणायचे, "आजारपणात माणूस चिडचिडं होतं, बाळा." प्रणाली आईजवळ बसून विचारायची, "आई, तुला जगायचं नाही का?" रंजना तिच्या केसांवरून हात फिरवायची आणि बापाकडे बघायची. ती काही सांगत नव्हती. सांगायचं काम तिनं सरांकडे ठेवलं होतं.

सातव्या दिवशी तिच्या पायांवर सूज चढली, ओठ निळसर दिसायला लागले. दुपारी प्रणाली औषधं आणायला खाली गेली. रंजना ग्लानीत होती. अर्ज स्टुलावरच होता. सहीच्या जागी अंगठाही चालत असे.

सरांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोचा उजवा हात उचलला, अंगठा सरळ केला आणि पडद्याजवळ नेला.

रंजनानं डोळे उघडले. हात ओढून घेतला नाही. ओढायची ताकद नव्हती की इच्छा नव्हती, कोण जाणे. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"लावा," ती म्हणाली. "त्या वेळी पण माझ्या जागी तुम्हीच सही केली होती."

खरंच केली होती. त्या दवाखान्यात कागद पुढे आला तेव्हा रंजना आतल्या खोलीत होती, आणि सरांनी आपल्या वळणदार अक्षरात 'रं. श. मगदूम' अशी सही ठोकली होती. हे ती विसरली असेल असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी तिचा हात हळूच चादरीवर ठेवला. मग ते तिच्या पायाशी पलंगाच्या कडेला बसले आणि एकोणसत्तराव्या वर्षी, हायस्कुलाचा माजी मुख्याध्यापक, हुंदके देऊन रडले. त्या रडण्यात बायकोविषयीचं दुःख थोडं होतं. बाकी सगळी लाज होती.

प्रणाली पिशवी घेऊन वर आली तेव्हा सर जिन्यातल्या बाकावर तिची वाट बघत होते.

"बस जरा," ते म्हणाले. "आई न्हाणीघरात घसरली नव्हती."

त्यांनी सांगितलं. शिक्षकाच्या सवयीनं सुरुवातीला प्रस्तावना करायला गेले, त्या काळात वातावरणच असं होतं वगैरे. मग स्वतःच ते वाक्य अर्धवट सोडलं. दवाखाना, लाल पेन, भंडारा. प्रणाली औषधांच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"बांगड्या," ती म्हणाली. "हिरव्या. तुम्ही मला आणल्या होत्या."

"हो."

"त्या मी शाळेत सगळ्यांना दाखवल्या. देवीच्या आहेत म्हणून. एक फुटली तेव्हा मी रडले, देवी कोपेल म्हणून." तिनं बंद सोडला, पुन्हा गुंडाळला. "मुलगी होती म्हणूनच ना? दुसरं काही कारण?"

"दुसरं काही नाही."

"म्हणजे मी आधी झाले होते, म्हणून."

सरांनी मान खाली घातली. याला हो म्हणणंही शक्य नव्हतं आणि नाही म्हणणंही.

"न्हाणीघराचं सांगताना तुम्ही जरासुद्धा अडखळला नाही पप्पा. आणि मी तुमचा हात धरला." ती उठली. "चार वाजता आईचं इंजेक्शन आहे. हर्षला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

हर्षवर्धनला त्यांनी संध्याकाळीच फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मुलगा म्हणाला, "म्हणजे ती आली असती तर तुम्ही तिथंच थांबला असता."

"माहीत नाही रे."

"मला माहीत आहे," हर्षवर्धन म्हणाला. "दोन मुलांवर तुम्ही थांबणारच होता. ती असती तर मी नसतो." आणि त्यानं फोन ठेवला. मुलासाठी म्हणून हे सगळं केलं होतं, आणि आता तो मुलगाच आपल्या जन्माची लाज घेऊन परमुलखात बसला होता.

सरांनी नवा अर्ज भरला. 'गर्भ पाडला'. कारण: 'मुलगी होती'. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचाही त्यांना राग आला.

चार दिवसांनी सुनावणी ठेवली. रुग्णालयाच्याच चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तीन सभासद, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश लोखंडेबाई. रंजनाला खुर्चीवरून आणलं, मागे प्राणवायूचं नळकांडं, शेजारी डॉक्टर मुजावर. प्रणाली भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. गेले चार दिवस ती बापाशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलली नव्हती.

नोंद घ्यायला एक पन्नाशीला टेकलेली बाई होती. सर आत आले तशी ती उठली आणि सगळ्यांच्या देखत वाकून त्यांच्या पाया पडली. "सर, ओळखलंत? तेजस्विनी पाटोळे. आठवी ब. प्रभातफेरीत फलक माझ्याकडे होता."

सरांना वाटलं, भुईनं आपल्याला पोटात घ्यावं. "ओळखलं," ते म्हणाले. "बस, बाळ." फाइल तिनं अजून उघडली नव्हती. ती उघडून वाचताना तिची बोटं थांबलेली त्यांनी पाहिली. नंतर सुनावणी संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

सरांच्या खिशात चार पानांचं निवेदन होतं. लोखंडेबाईंनी ते हातानंच नको म्हटलं. "सर, मी विचारते तेवढंच सांगा. मृत व्यक्तीचं नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"आईंनी मनात काही ठेवलं होतं?"

"न्हाई," रंजना म्हणाली. "नाव ठेवलं असतं तर त्या दिवशी माझ्यानं गाडीत बसवलं नसतं."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही. काय लिहू?"

"मगदूम यांची दुसरी मुलगी, असं लिहा," सर म्हणाले.

तेजस्विनीनं लिहिलं. पुढचे प्रश्न झाले. निर्णय कुणाचा होता? माझा. आईची संमती घेतली होती? विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सही कुणी केली? मी. आज पश्चात्ताप होतो का, असं काही अर्जात नव्हतं आणि लोखंडेबाईंनी विचारलं नाही. सर त्या प्रश्नाची वाट बघत होते. त्याचं उत्तर त्यांच्याकडे चार पानं तयार होतं.

"आता शेवटचा," लोखंडेबाई म्हणाल्या. "कायद्यानं हा मला विचारावाच लागतो, आणि याच्या उत्तरावर मंजुरी अवलंबून आहे. मृताच्या वतीनं बोलताना वारसानं स्वतःची इच्छा सांगायची नसते, त्या व्यक्तीची सांगायची असते. तुमची दुसरी मुलगी आज हयात असती, तर आईसाठी तिनं आपल्या पेशी दिल्या असत्या का? आणि दिल्या असत्या तर कशावरून म्हणता?"

नाही म्हटलं की बायको जाणार होती. हो म्हणायचं तर जिला त्यांनी या जगात पाऊल टाकू दिलं नाही, तिच्या मनाचा मोठेपणा त्यांनाच साक्ष देऊन सांगायचा होता, आणि तोही स्वतःच्या गरजेसाठी. तिचा आवाज कसा असता ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती डावरी असती की उजवी, प्रणालीसारखी गणितात हुशार असती की चित्रं काढत बसली असती, काही ठाऊक नव्हतं. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा मारायचा तर निदान वर्षभर त्याला बघितलेलं असतं. पस्तीस वर्षं सरांनी तेच काम केलं होतं.

"दिल्या असत्या," ते म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की तेजस्विनीला पुन्हा विचारावं लागलं. "दिल्या असत्या."

"कशावरून?"

"ती आईवर गेली असती, असं धरून बोलतोय." त्यांनी एकदाच रंजनाकडे पाहिलं. "माझ्यावर गेली असती, तर तिनं दिल्या नसत्या. आणि तिचं काही चुकलं नसतं."

लोखंडेबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे शेवटचं वाक्य नोंदीत ठेवायचं का, सर? ठेवलंच पाहिजे असं नाही."

"ठेवा."

बाईंनी इतर दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या. मंजुरी झाली. उद्या सकाळपासून पेशी वाढवायला घेऊ, असं डॉक्टर मुजावर हलक्या आवाजात म्हणाल्या आणि प्रणालीनं डोळे मिटले. अर्ज सहीसाठी रंजनापुढे आला. तिनं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"बाई, एक विचारू?" तिनं लोखंडेबाईंना विचारलं. "हे जे सगळं लिहिलं, ते कुणाला पण वाचता येतंय का?"

"येतं. सरकारी दप्तरात जातं. पण गोपनीय ठेवायचा अर्ज तुम्हाला करता येतो. बरेच जण करतात. करायचाय का?"

सर जागच्या जागी ताठ झाले. त्यांनी तोंडही उघडलं होतं. रंजनानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई, राहू दे तसंच," ती म्हणाली. "ती होती असं आजवर कुठंच काही लिहिलेलं न्हवतं." आणि दम घेत, एकेक अक्षर करत, तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.